दाराचे बटण आणि शिक्क्यांची वही

कोल्हापुरात परत येऊन आता वर्ष होत आले, तरी एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून तालमीतल्या एका ज्येष्ठांनी तो माझ्या नवऱ्याला सर्वांत आधी आणि सर्वांत नेमक्या शब्दांत विचारला होता : “जपानात जाऊन इंग्रजी शिकवलंस? का, इंग्रज संपले व्हय रं तिकडं?” नवरा हसला आणि त्याने दुधाचे पैसे दिले, पण उत्तर त्याला देता आले नाही. ते उत्तर लांबलचक असल्याने येथे लिहून ठेवते.

जपान सरकारने १९८७ साली जेट नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि परदेशी तरुणांना तेथील शाळांत साहाय्यक भाषा शिक्षक म्हणून बोलावण्यास आरंभ केला. पुढे गावोगावची शिक्षण मंडळे स्वतः किंवा कंत्राटी कंपन्यांमार्फत असे शिक्षक नेमू लागली. २०२० पासून तेथील प्राथमिक शाळांत तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवी-सहावीला ७० तास रीतसर विषय, असा नवा अभ्यासक्रम लागू झाला, आणि त्यामुळे आडगावच्या शाळांनाही अशा साहाय्यकांची गरज भासू लागली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना व्हिसासाठी किमान बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिक्षण झाल्याचे दाखवावे लागते. आम्ही दोघेही कोल्हापुरातच इंग्रजी माध्यमात शिकलो असल्याने दाखल्यांची जमवाजमव झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे तेथील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, आम्ही हिरोशिमा प्रांताच्या पूर्व भागातील समुद्रकाठच्या एका छोट्या गावात येऊन पोहोचलो. नवऱ्याला माध्यमिक शाळा मिळाली, तर माझ्या वाट्याला तीन प्राथमिक शाळा आल्या, त्याही आळीपाळीने आणि सायकलवरून.

पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गात स्वतःची ओळख करून द्यावी लागते. मी पन्हाळ्याची आणि रंकाळ्याची छायाचित्रे मोठी करून नेली होती आणि नवऱ्याने कोल्हापुरी फेटा नेला होता, पण या दोन्हींकडे मुलांचे फारसे लक्ष गेले नाही. भारतीय मुलांना दोन अंकी पाढे पाठ असतात, अशी जपानमध्ये एक सर्वदूर पसरलेली समजूत आहे. त्यामुळे नवऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला तो एकोणीस एकोणीसाचा. त्याच्या आजोबांनी शाळेच्या माध्यमाची पर्वा न करता त्याच्याकडून तिसापर्यंतचे पाढे रोज संध्याकाळी देवापुढे म्हणवून घेतले होते. त्याने क्षणात ३६१ सांगितले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. इंग्रजीच्या शिक्षकाची पत त्या शाळेत अशी मराठी पाढ्यांवर उभी राहिली. माझ्या शाळेत हाच प्रश्न आला तेव्हा मी विषय बदलला, हे तो अजून सर्वांना सांगतो.

साहाय्यक शिक्षकाचे काम म्हणजे पुष्कळदा चालतेबोलते ध्वनिमुद्रण असते. वर्गशिक्षिका धडा चालवतात, त्यांनी खूण केली की आपण शब्द उच्चारायचा, मुलांनी तो मागून म्हणायचा, आणि अशी पंचेचाळीस मिनिटे काढायची. जपानी भाषेत बहुतेक अक्षरे स्वरान्त असतात, त्यामुळे ‘मिल्क’ हा शब्द मुलांच्या तोंडून ‘मिरुकु’ होऊन बाहेर पडतो. सहशिक्षिका यावर ओशाळत, तेव्हा मी त्यांना माझ्या आजीचे ‘इष्टेशन’ आणि ‘इस्कूल’ सांगत असे. आम्हीही जोडाक्षराला घाबरून त्याला स्वराचा टेकू देतो, हे ऐकून त्यांना बरेच हलके वाटे. माझी स्वतःची फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. इंग्रजीत ‘व’चे दोन उच्चार आहेत, एक दातांनी ओठ दाबून आणि दुसरा ओठांचा चंबू करून, पण आपण दोन्हींना एकच मराठी ‘व’ लावून मोकळे होतो. पाचवीतील एका मुलीने ध्वनिफीत आणि मी यांतला फरक पकडला आणि अतिशय नम्रपणे हात वर केला. त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून वयाच्या तिसाव्या वर्षी ‘व’ शिकले.

दुपारच्या जेवणाबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिलेच पाहिजे. शाळेतील जेवणाला तेथे क्यूशोकू म्हणतात. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुलेच आळीपाळीने वर्गात वाढप करतात, शिक्षकही मुलांबरोबर तेच अन्न त्याच बाकांवर बसून खातात, आणि प्रत्येकाच्या ताटाशेजारी २०० मिलिलिटर दूध असते. महिन्याच्या सुरुवातीला पदार्थांचा छापील तक्ता घरी येतो. गोमांस किंवा डुकराचे मांस ज्या दिवशी असेल त्या दिवसांवर आम्ही दोघे लाल पेनाने खूण करत असू आणि त्या दिवशी डबा नेत असू. डबा नेणे ही आपल्याकडे साधी गोष्ट आहे, तेथे तशी ती नाही. सर्वांनी एकच अन्न खाण्यावर सारी रचना उभी असल्याने वेगळा डबा उघडणाऱ्या शिक्षिकेकडे तीस मुले चमचे थांबवून पाहतात. शेवटी मुख्याध्यापकांनी वर्गात त्यामागचे कारण समजावून सांगितले, आणि त्यानंतर माझ्या डब्यातील मेथीच्या धपाट्याबद्दल मुलांना उत्सुकता वाटू लागली, म्हणजे मला चोरून खावे लागेल इतकी वाटू लागली. करीभात असे त्या दिवशी प्रश्न ठरलेला : भारतातही अशीच करी असते का? ती दाट, किंचित गोडसर आणि तिखटाशी वैर धरलेली असे. जपानला करी ब्रिटिशांच्या मार्फत मिळाली आणि तेथील नौदलाने ती आपलीशी केली, ही हकीकत मला ठाऊक होती, पण तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाने अशा वेळी इतिहास सांगू नये. मी “चविष्ट आहे” एवढेच म्हणत असे.

घरचे जीवन सांगण्यासारखे थोडके आहे. कांदा-लसूण मसाला आम्ही बॅगेतून नेला होता, कणीक घरपोच मागवत होतो, आणि गुळावाचून अडले तेव्हा ओकिनावाकडची काळी साखर सापडली. ती वाटून पोळीला लावली की डोळे मिटून कोल्हापूरचा गूळ म्हणता येई, डोळे उघडून म्हणता येत नसे. कचऱ्याचे वार पाळण्यात आम्ही पहिले दोन महिने सातत्याने चुकलो. चुकीच्या वारी ठेवलेली आमची पिशवी शेजारच्या आजी गुपचूप उचलून दारात आणून ठेवत, आणि वर सोबत एक मुळाही ठेवत. रागावणे आणि लाज वाटू न देणे या दोन्ही गोष्टी एका मुळ्यात बसवण्याचे त्यांचे कसब मला अजून जमलेले नाही.

शनिवार-रविवार आले की आमची खरी परीक्षा असे. तेथील माध्यमिक शिक्षकांना सुट्टीच्या दिवशीही मुलांच्या क्रीडामंडळांसाठी शाळेत यावे लागते, साहाय्यकांना मात्र ते बंधन नसते. त्यामुळे नवऱ्याचे सहकारी बेसबॉलच्या मैदानावर उभे असताना आम्ही स्थानकावर उभे असू. आमची पहिलीच सहल फसली ती एका बटणामुळे. त्या बाजूच्या लहान मार्गांवरील गाड्यांची दारे आपोआप उघडत नाहीत, आतील प्रवाशाने दाराशेजारचे बटण दाबावे लागते. हे आम्हाला ठाऊक नव्हते. उतरायचे स्थानक आले, गाडी थांबली, आम्ही पाठीवर पिशव्या लावून दारासमोर आदबीने उभे राहिलो, आणि गाडी तशीच पुढे निघाली. पुढच्या स्थानकावर एका विद्यार्थ्याने बटण दाबले तेव्हा त्याच्या पाठोपाठ उतरलो. ते निर्मनुष्य स्थानक होते, ना तिकीटघर ना कर्मचारी, आणि परतीची गाडी तासाभराने होती. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवणारी दोन माणसे दारावरची एक ओळ वाचता न आल्याने बाकावर बसून राहिली होती. नवऱ्याने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि पोळ्या काढल्या आणि आम्ही आमची पहिली सहल तेथेच साजरी केली.

त्या दिवसापासून मी जपानी भाषेची कातकाना ही अक्षरलिपी मनावर घेतली, आणि तेव्हा एक सुखद धक्का बसला. जपानी वर्णमालेचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्या अभ्यासातून हा क्रम घडला. आपल्या च-वर्गाच्या जागी तेथे ‘स’ बसला आहे, प-वर्गाच्या जागी ‘ह’, आणि शेवटी आपलेच य, र, व. हे एकदा ध्यानात आल्यावर मी बालवाडीत शिकलेल्या तालावरच ती लिपी पाठ केली. वाक्यरचनाही आपल्यासारखीच, म्हणजे क्रियापद शेवटी आणि विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागे. इंग्रजीतून जपानी शिकणारा आमचा एक ऑस्ट्रेलियन सहकारी वाक्य उलटे करता करता घामाघूम होई, आणि आम्ही मराठीतून सरळ उतरत असू. इंग्रजी शिकवण्यासाठी गेलो आणि मराठी उपयोगी पडली, असे मी सासूबाईंना फोनवर सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग एवढी फी भरून इंग्रजी माध्यमात घातलं ते वाया गेलं म्हणायचं की!”

स्थानकांवर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे शिक्का. अनेक जपानी स्थानकांत एका कोपऱ्यात रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. त्या शिक्क्यावर गावाचे नाव आणि तेथील एखादे देऊळ, पूल किंवा फळ कोरलेले असते, आणि कोणीही तो फुकट उमटवून घ्यावा. आम्ही शंभर येनच्या दुकानातून एक कोरी वही घेतली आणि ठरवले की ज्या गावाला उतरू त्याचा शिक्का घेतल्याशिवाय स्थानकाबाहेर पडायचे नाही. सुट्ट्यांच्या हंगामात ‘सेइशुन १८’ नावाचे तिकीट मिळे. पाच दिवसांचे १२,०५० येन भरले की केवळ लोकल गाड्यांनी हवे तितके हिंडता येई, आणि ते पाच दिवस दोघांत वाटूनही घेता येत. २०२४ च्या हिवाळ्यापासून त्यांनी ते एकाच माणसाला आणि सलग दिवसांसाठी केले. रेल्वेचा त्यात काही हिशेब असेल, पण शनिवार-रविवारपुरते मोकळे असणाऱ्या मास्तरांच्या जोडप्याला त्याने अगदी कोरडे पाडले. तरीही वही भरतच राहिली.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर आम्ही चार वेळा गेलो. मे २०२३ मध्ये हिरोशिमात जी-७ देशांची परिषद भरली, तेव्हा बेटावर पर्यटकांना प्रवेश बंद केला होता, म्हणून पहिली खेप जूनमध्ये घडली. समुद्रात उभे असलेले इत्सुकुशिमा देवळाचे लाल महाद्वार १८७५ सालचे असून ते जमिनीत पुरलेले नाही, निव्वळ स्वतःच्या भाराने उभे आहे. भरतीच्या वेळी ते पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते आणि ओहोटीला त्याच्या पायाशी चालत जाता येते. मला मात्र त्याहून अधिक ओढ लागली ती देवळाशेजारच्या बेन्झाइतेनची. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. ती भारतातून चीनमार्गे गेली, वाटेत वीणा ठेवून तिने बिवा नावाचे वाद्य हाती घेतले, आणि जपानमधील तिच्या तीन प्रमुख स्थानांत या बेटाची गणना होते. अंबाबाईच्या गावातून आलेल्या माणसाला देवीची ओळख पटायला पाटी वाचावी लागत नाही. मागचा मिसेन डोंगर ५३५ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्याजवळच्या एका लहान देवळात कोबो दाइशी या भिक्षूने ८०६ साली पेटवलेला अग्नी आजवर जपला आहे, अशी श्रद्धा आहे. त्यावर एक मोठी किटली ठेवलेली असते आणि धुराने आतील लाकूड काळेकुट्ट झालेले आहे. मी तेथून सासूबाईंना व्हिडिओ फोन लावला. “धुनीच की गं ही,” एवढे बोलून त्यांनी हात जोडले, आणि दोन वर्षे मी जे काही समजावून सांगण्याचा खटाटोप करत होते ते एका शब्दात संपले. हिरोशिमाच्या शांतता उद्यानात १९६४ साली चेतवलेल्या ज्योतीसाठी जे अग्नी आणले, त्यांत या धुनीचाही अग्नी होता.

त्या उद्यानात आम्ही गेलो तो सोमवार होता. शनिवारी शाळेचा क्रीडादिन झाला की बदल्यात सोमवारी सुट्टी मिळते, तशी ती मिळाली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता जे घडले, त्याचे वर्णन मी येथे करणार नाही. संग्रहालयातून बाहेर आल्यावर आम्ही दोघे बराच वेळ नदीकाठी न बोलता बसलो होतो. तेवढ्यात पिवळ्या टोप्या घातलेली चार मुले आमच्यासमोर येऊन उभी राहिली. दूरच्या कुठल्याशा प्रांतातून ती शाळेच्या सहलीला आली होती, त्यांच्या हातात छापील प्रश्नपत्रिका होती, आणि परदेशी माणूस दिसला की त्याच्याशी इंग्रजीत बोलून ती भरणे हा त्यांचा गृहपाठ होता. एरवी मी ज्या बाजूला उभी असे त्याच्या बरोबर उलट्या बाजूला आज मी होते. “तुमचा देश कोणता? तुम्हाला शांततेसाठी काय करावेसे वाटते?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे उत्तर मला कोणत्याच भाषेत सुचेना, आणि मुलगा पेन्सिल टेकवून वाट पाहत राहिला. शेवटी नवऱ्याने समोर बोट दाखवले. मोतोयासु नदीजवळ मे २०२३ मध्ये गांधीजींचा ब्राँझचा अर्धपुतळा बसवला आहे, तो भारताने हिरोशिमा शहराला दिलेला असून धुळे जिल्ह्यात जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी तो घडवला आहे. मुलाने कागदावर कातकानात ‘गांजी’ असे लिहिले, आम्हाला कागदाच्या घड्या घालून केलेला एक निळा करकोचा दिला आणि चौघेही कमरेत वाकून पुढच्या परदेशी माणसाकडे पळाले. तो करकोचा वहीत आहे, फक्त त्याच्या पंखाची घडी मोडली आहे.

इतर सहली याहून साध्या होत्या. ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंत सहा बेटांना पुलांनी जोडणारा सुमारे ७० किलोमीटरचा शिमानामी मार्ग सायकलने पुरा करू, अशी घोषणा नवऱ्याने गावभर केली होती. रस्त्यावर सायकलस्वारांसाठी निळी रेघ आखलेली असल्याने चुकण्याची भीती नव्हती, दमण्याची होती. तीसेक किलोमीटरवरच्या सेतोदा गावात लिंबाच्या बागा लागल्या, तेथे लिंबाचे आइस्क्रीम खाल्ले, आणि बोटीने परत आलो. सोमवारी शाळेत त्याने इमाबारीचा उल्लेख टाळला. ओकुनोशिमा या सशांच्या बेटावरही गेलो. पर्यटक सशांना गाजरे भरवतात त्याच बेटावर १९२९ ते १९४५ या काळात विषारी वायूचा गुप्त कारखाना होता आणि नकाशांवरून बेटच पुसले होते. मी गाजराची पिशवी तशीच परत आणली.

दर सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मला विचारले जाई की या वेळी कोठे गेला होतात, आणि मी वही दाखवत असे. गंमत अशी की माझ्या बहुतेक सहकाऱ्यांनी मिसेन डोंगर शाळेच्या सहलीनंतर पाहिलाच नव्हता. एकदा एका वयस्क शिक्षिकेने माझ्या गावाची माहिती भ्रमणध्वनीवर शोधली आणि एका दगडी मंडपाचे चित्र माझ्यासमोर धरले. वर छताला गोल झरोका आणि त्याखाली दगडाचे वर्तुळ होते. “हे तुमच्याकडचे ना? आत उभे राहिल्यावर कसे वाटते?” ते खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर होते. कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर, कृष्णेच्या काठी, शिलाहारांच्या काळातले. मी त्यांना छान वाटते असे सांगितले. मी तेथे कधीही गेले नव्हते.

मार्च २०२५ मध्ये आम्ही परत आलो. सामान लागायला आणि नोकऱ्या लागायला पावसाळा गेला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी वही काढली, मागे नऊ पाने कोरी होती. आम्ही मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी धरली आणि कुरुंदवाडला बस बदलली. स्वर्गमंडपाखाली उभी राहिले तेव्हा झरोक्यातून उन्हाचा गोल खालच्या शिळेवर पडला होता आणि एक आजोबा आपल्या नातवाला येथे नंदी का नाही याची गोष्ट सांगत होते. मी त्या शिक्षिकांना खाली बसून सविस्तर पत्र लिहिले, यावेळी खरे.

शिक्का अर्थातच नव्हता. म्हणून परतल्यावर वहीत एसटीची दोन तिकिटे चिकटवली, नवऱ्याचे पूर्ण आणि महिलांच्या सवलतीमुळे माझे निम्मे. यंत्रातून निघणाऱ्या त्या कागदाची शाई महिन्याभरात उडू लागली. ‘खिद्रापूर’ हे नाव पुसट झाले तेव्हा नवऱ्याने त्याखाली पेनाने ते पुन्हा लिहिले, आणि शेजारी, मुलांच्या सरावाच्या वहीत काढतो तशा टपोऱ्या अक्षरांत, कातकानातही लिहिले. त्यात एक काना चुकला आहे. मी लाल पेनाने गोल केला आहे.